वाढत्या अंगाच्या पँटी

माझे सासरे नानाजी यांनी आयुष्यभर फक्त शाळेचे गणवेश कापले. मनीषनगरात आमचं छोटं शिलाई केंद्र आहे. कापायचं नानाजींनी, शिवायचं मी आणि चार बायकांनी, आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं माझ्या नवऱ्याने, सुशीलने. माझ्या तोंडावर त्याचा भरवसा नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दर जूनमध्ये आया पोरांना घेऊन येतात आणि एकच गोष्ट सांगतात, दोन वर्षं चालली पाहिजे. मग नानाजी कमरेला दोन इंच वाढवून धरतात आणि खाली चार बोटं कापड आत दुमडायला ठेवतात. पहिलं वर्ष पट्ट्यावर निघतं, दुसऱ्या वर्षी पँट अंगाची होते. मनीषनगरातली अर्धी पोरं अशीच ढगळ पँटींमध्ये वाढली.

या हिवाळ्यात नागपुरात ज्येष्ठ खेळाडूंची देशपातळीवरची स्पर्धा भरायची होती. पस्तिशीच्या पुढची माणसं धावणार, उड्या मारणार, भाले फेकणार. त्यांच्या दिमतीला दोनशे चाळीस स्वयंसेवक, आणि तेही बरेचसे सकाळी फिरायला जाणारे, निवृत्त, हौशी. त्यांच्या निळ्या पँटींचं काम आम्हाला मिळालं. व्यवस्था बघणारी श्वेता म्हणून एक पोरगी होती. तिला इलॅस्टिक नको होतं, बटणाची नीट पँट हवी होती. मापं घ्यायला कधी येऊ, असं मी विचारलं तर ती हसली. मापं तिने मोबाइलवरच मागवली होती. स्वयंसेवकांच्या ग्रुपवर यादी टाकली आणि ज्याने त्याने आपापल्या नावापुढे कमरेचा आणि लांबीचा आकडा लिहिला. शिलाईवाल्याला टेप न लावू देणारी माणसं मला आवडत नाहीत, पण मी गप्प बसले.

घरात मात्र गप्प बसले नाही. सुशीलचं म्हणणं होतं की बाबा चौऱ्याहत्तरचे झाले, आता कापायला दुसरा माणूस ठेवू. मी भांडले. सासूबाई गेल्या तेव्हापासून नानाजी त्या टेबलाशी उभे राहतात म्हणूनच उभे आहेत, हे त्यांच्या पोराला दिसत नसेल तर मी काय करू?

"हे काम नानाजीच कापतीन," मी म्हटलं. "बिघडलं तर मंग तू म्हणशीन तसं."

नानाजी तिथेच बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कात्रीला धार लावायला घेतली.

पंधरा दिवस काम झकास चाललं. रविवारी सकाळी पँटी वाटायच्या होत्या. शनिवारी दुपारी सगळ्या इस्त्री होऊन गठ्ठ्यांत बांधल्या गेल्या, आणि मला सहज वाटलं म्हणून मी चौतिसाची एक पँट सुशीलला घालून बघायला दिली. त्याची कंबर चौतीस आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? बटण लावून त्याने हात सोडले आणि पँट घसरून कुल्ल्यांवर येऊन थांबली.

मी टेप घेतला. छत्तीस. दुसरी मोजली, तिसरी मोजली. गठ्ठेच्या गठ्ठे सोडले. प्रत्येक पँट दोन इंच मोठी, आणि पायाशी आत चार बोटं कापड दुमडलेलं. वर्षानुवर्षं असंच शिवायची सवय, म्हणून आम्हा शिवणाऱ्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"नानाजी, काहून वाढवून कापलं हे?"

ते चष्मा पुसत होते. "वाढत्या अंगाले दोन इंच सोडाच लागते ना वं."

"अवो, साठ साठ वर्षाचे लोक आहेत ते! आता कुठून वाढतीन?"

त्यांचा हात चष्म्यावरच थांबला. चेहरा असा उतरला की दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. मी थांबले नाही. दोनशे चाळीस कमरा उसवून पुन्हा शिवायला चार दिवस लागले असते आणि आमच्याकडे एक संध्याकाळ होती. मी बायकांसमोर, सुशीलसमोर ओरडले, "उद्यापासून कात्रीले हात लावू नका तुम्ही!"

दुसरा माणूस ठेवू, असं सुशीलला म्हणायची आता गरजच उरली नव्हती.

रविवारी आठ वाजता आम्ही हॉलवर पोचलो. मी, सुशील, आमच्याकडे शिवणारी प्रेमिला आणि दोन मशिनी. नानाजींना घरी राहा म्हटलं होतं, पण ते पिनांचा डबा घेऊन आधीच गाडीत बसले होते. मी श्वेताला काय सांगायचं ते मनात घोळवत होते आणि एकही वाक्य धड जुळत नव्हतं.

यादीतलं पहिलं नाव ओमप्रकाशजींचं. बँकेतून निवृत्त झालेला गोरागोमटा माणूस, नावापुढे चौतीस. पँट घेऊन ते पडद्यामागे गेले. मी देवाचं नाव घेतलं. मी देवाला फारसा त्रास देत नाही, म्हणून तेवढं चालतं.

ओमप्रकाशजी बाहेर आले. पँट अगदी अंगाबरोबर बसली होती.

"पाहा!" ते मागच्या रांगेला म्हणाले. "कॉलेजपासून चौतीस आहे आपली, आज बी चौतीस!"

मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं, पँटीकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्या ग्रुपला दिसणार अशा यादीत आपली खरी कंबर कोण लिहील?

मग एकामागून एक माणसं पडद्यामागे जात राहिली आणि खूश होऊन बाहेर येत राहिली. दुमडलेली चार बोटंसुद्धा कामाला आली, कारण लांबीतही काहींनी इंच दोन इंच कमीच धरले होते. पहिल्यांदा पँट ढिली झाली ती ऋषिकेश नावाच्या काडीसारख्या मास्तरांची. त्यांनी बिचाऱ्यांनी खरा आकडा लिहिला होता. दोनशे चाळिसांत खरं लिहिणारे सतरा निघाले. त्यांच्या पँटी नानाजींनी पिना लावून आवळल्या, प्रेमिलाने मशीनवर घातल्या, नानाजींनी टोकाचे धागे तोडले. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं आटोपलं. मी एका खुर्चीवर बसले आणि उगाचच हसत सुटले. प्रेमिलाने मला पाणी आणून दिलं.

श्वेता नानाजींपाशी आली. "काकाजी, मानलं तुम्हाला! आकडे चुकीचे आहेत, हे कसं ओळखलंत?"

सुशील तिथेच उभा होता. नानाजींनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

"ओळखलं नाही वं बाई," नानाजी म्हणाले. "शाळेचं समजून कापलं. चुकलं माह्यं."

श्वेताला तो विनय वाटला. ती हसून त्यांच्या पाया पडली आणि पुढच्या कामाला गेली. सुशील मात्र हसला नाही. त्याने बापाच्या हातातला पिनांचा डबा घेतला आणि म्हणाला, "बाबा, चला. जेवून घ्या आधी."

मशिनी उचलायच्या आधी मी टेबल आवरायला लागले. टेबलावर तोडलेल्या धाग्यांचे तुकडे पडले होते, सगळे ओले आणि दाताने चावलेले. त्यांच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर, कात्री होती. सतरा पँटी, प्रत्येकीचे चार-पाच धागे. त्या माणसाने सकाळपासून एकदाही कात्रीला हात लावला नव्हता, कारण मी तसं सांगितलं होतं.

मी कात्री घेतली आणि जेवणाच्या रांगेत गेले. लोक बघत होते, बघू देत.

"नानाजी, मी लय वाईट बोलली तुम्हाले. माफ करा."

"चुकलं तं होतंच ना, उत्तरा."

"चुकलं तं मले सांगता येत होतं. असं बोलायचं काम नव्हतं." मी कात्री पुढे केली. "घ्या. उद्या शाळेचं कापड येऊन राहिलं."

त्यांनी आधी सुशीलकडे पाहिलं.

"मले काय पाहता बाबा?" सुशील म्हणाला. "घ्या ना."

नानाजींनी ताट माझ्या हातात दिलं, कात्री घेतली, बोटं नेहमीच्या जागी घातली आणि दोनदा हवेतच चालवून पाहिली. मग म्हणाले, "दात दुखून राहिले वं. भात वाढ, पोळी नको."