आईची दुभाषी

आमच्या कुवेतमध्ये रविवार शुक्रवारी येतो. सुट्टी ज्या दिवशी, देवाचा वार त्या दिवशी, हे चर्चने केव्हाच मान्य केलं आहे. देवाची हरकत नाही तर माझी असायचं काय कारण? पण माझी आई, नतालीन तुस्कानो, वसईहून व्हिजिट व्हिसावर आली आणि पहिल्याच शुक्रवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे आमची मुख्य प्रार्थना, संपल्यावर तिने विचारलं, "मग खरा रविवार कुटं गेला?"

"ऑफिसात," मी म्हणालो. तिला हसू आलं नाही. माझ्या विनोदांवर ती कधीच हसली नाही. बोचरं बोलणं आणि विनोद यांत मी गल्लत करतो, असं तिचं मत होतं.

शुक्रवारी चर्चच्या आवारात जत्रा असते. मल्याळी मिस्सा सुटते, तमिळ आत शिरते, फिलिपिनो गिटार घेऊन दारात खोळंबलेले, कोकणीवाले चहाच्या रांगेत. पापनिवेदनाच्या रांगाही भाषेप्रमाणे वेगळ्या. त्यात मराठीची रांग नाही. पूर्वी महिन्यातून एकदा मराठी मिस्सा व्हायची. ते फादर वसईला परतले आणि मागे उरला तो आमचा मराठी गट, म्हणजे वर्षाची एक सहल, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि पोत्याने भांडणं. त्यात माझा वाटा मोठा आहे हे मी नाकारत नाही. गायकवृंदाच्या नेल्सनशी मी कित्येक वर्षं बोललेलो नाही. मिस्सेत हात मिळवून एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधतो. माझी बायको ग्लोरिया म्हणते, तुम्ही बिननाडीचे बूट घ्या, निदान तेवढ्यापुरतं पाप टळेल.

उपवासकाळ सुरू झाला आणि आईच्या छातीत कळ आली. खासगी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप गेली आहे, परवा सकाळी ऑपरेशन, वय बघता खात्री देता येत नाही. मी डॉक्टरांना तेच तेच पुन्हा विचारत राहिलो. आई मात्र शांत होती. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "आदी फादरला बोलाव. मना कन्फेशन करायचं हाय. आपल्या भाषेत."

"आई, हिंदीत सांग ना. येतं तुला."

"भाजी घेण्यापुरतं येतं. हिंदीत पाप सांगायचं म्हणजे पिक्चरमधी काम केल्यासारखं वाटतं. देवाला वाटंल, बाई नाटक करते."

मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: आई अत्यवस्थ आहे, कुवेतमध्ये कुणी मराठी फादर आले आहेत का? उत्तरं धडाधड आली. जोडलेल्या हातांची रांगच लागली. एकाने नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना पाठवली आणि ती पुढे अकरा जणांना पाठवल्याशिवाय लागू पडत नाही असं बजावलं. एकीने मोबाइलवर बनवलेलं चित्र टाकलं, त्यात मरियामाता एका आजारी बाईला कुशीत घेऊन बसली होती आणि तिच्या एका हाताला सहा बोटं होती. फादर आहेत की नाहीत, एवढंच कुणी सांगितलं नाही. कोकणी मिस्सेचे फादर मंगळूरचे, त्यांना थोडंफार कळलं असतं, तर ते नेमके रजेवर.

मग मी वसईला आमच्या धर्मग्रामातल्या फादरना फोन लावला. म्हटलं, स्पीकर चालू करतो, सगळे खोलीबाहेर जातो, तुम्ही ऐका आणि पापमुक्ती द्या. ते हळहळले, पण म्हणाले, "फोनवर नाही होत, पास्कल. समोर असावं लागतं." आमची मिस्सा यूट्यूबवर होते, नोव्हेना झूमवर, देणगी गूगल पेवर. फक्त पाप तेवढं प्रत्यक्ष आणून द्यावं लागतं.

शेवटी मी चर्चमधल्या फादर शाजींकडे गेलो. फादर केरळचे, अंगाने किडकिडीत, सदा घाईत असलेले. इंग्रजीत म्हणाले, "दुभाषा घ्या. चर्चच्या कायद्यात सोय आहे. ती सांगेल, दुभाषा मला सांगेल, मी पापमुक्ती देईन. मात्र ऐकलेलं एक अक्षर त्याला कुणाला कधीही सांगता येत नाही. माझ्यासारखंच."

मी धावत हॉस्पिटलात आलो. सगळं जमलं होतं. मुलगा मराठी, शिकलेला, इंग्रजीत पत्रव्यवहार करून पोट भरणारा. याहून चांगला दुभाषा कुठे मिळणार? मी आईला म्हणालो, "मी बसतो तुझ्याजवळ."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाय पास्कू. तुझ्यासमोर नाय."

मला वाटलं तिला संकोच वाटतोय. मी ग्लोरियाचं नाव घेतलं. "सुनेला पाप सांगू?" आई म्हणाली. "आनि ती तुला सांगायची नाय व्हय?" मग म्हणाली, "विशाखाला बोलाव."

विशाखा आमच्या महबूल्याच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात राहते. पुण्याची. तिचा नवरा निखिल पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर. आई आल्यापासून दोघींची दुपार एकत्र जायची. आईने तिला सांदणं शिकवली होती आणि तिने आईला यूट्यूब. पण विशाखा हिंदू. तिच्या देवघरात गणपती, दारात रांगोळीचं स्टिकर. फादर शाजींना फोन केला तेव्हा त्यांनी आधी कायद्याचं पुस्तक काढलं. मग म्हणाले, "कायदा म्हणतो दुभाषा. दुभाष्याचा धर्म कोणता ते कायदा म्हणत नाही." बायकांनी डोकं झाकावं की नाही, उपासाला अंडं चालतं की नाही, याची दोन हजार वर्षं चर्चा करणाऱ्या आमच्या चर्चने एवढी एक फट उघडी ठेवली होती, आणि माझ्या आईने ती बरोबर शोधली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी फादर आले, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून झगा न घालता, पँट-शर्टात. अतिदक्षता विभागात एकच माणूस सोडतात, पण नर्स मल्याळी निघाली आणि दोघांना आत जायला मिळालं. मी काचेबाहेर उभा राहिलो.

आवाज येत नव्हता. आईचे ओठ हलत होते, मग विशाखाचे, मग फादरची मान. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं होतं. फादर एकदा हसलेसुद्धा. मग आई बराच वेळ बोलली. विशाखाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. नजर क्षणभरच होती, पण ती मला ओळखणाऱ्या बाईची नव्हती. एखाद्याविषयी आत्ताच काहीतरी कळावं आणि तो समोरच उभा दिसावा, तशी होती. आईने तिचा हात धरला. विशाखा पुन्हा वळली आणि बोलायला लागली, आणि बोलताना ओढणीने डोळे पुसत राहिली. फादरनी हात वर केला. आई उशीवर टेकली, आणि तिचा चेहरा असा सैल झाला की मला रडू आलं.

विशाखा बाहेर आली ती मान खाली घालून, आणि माझ्या बाजूने निघून गेली. मी आत गेलो. "एवढं काय सांगितलंस?" मी हसत विचारलं. आईने माझ्या गालावर हात फिरवला. "दाढी कर," म्हणाली. "असा येऊ नको उद्या."

दाढी करून गेलो. आई ऑपरेशनमधून परत आली नाही.

शवपेटीबरोबर मी वसईला गेलो. आमच्याच चर्चच्या दफनभूमीत तिला ठेवलं. कबरीशी माझा धाकटा भाऊ शेजारी उभा होता. आम्ही बोललो नाही, बोलत नाहीच. सगळे म्हणाले, नशीबवान बाई, कन्फेशन करून गेली, सरळ स्वर्गात. मीही हो हो म्हणालो. पण माती टाकताना माझ्या डोक्यात एकच होतं: ती काच आणि विशाखाची नजर.

परत आलो आणि ते डोक्यातून जाईना. फहाहीलच्या रस्त्यावर सिग्नलला गाडी थांबली की मी आईची पापं शोधायला लागायचो. मी तिचा मुलगाच नाही? लहानपणी मला कुणाकडून आणलं? माझं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं ते तिने मोडलं? की ती साधं म्हणाली, मला धाकटा जास्त आवडतो? रोज नवं पाप सुचायचं आणि रोज ते खरं वाटायचं. मेलेल्या आईवर असले आरोप करणारा मुलगा कुवेतमध्ये दुसरा नसेल. माझं जेवण सुटलं. ऑफिसात चुका व्हायला लागल्या. शुक्रवारी मिस्सेत उभा राहून मी ओठ हलवायचो आणि मनात देवाला म्हणायचो, तुला ठाऊक आहे, सांगून टाक. देवाने फादर शाजींसारखंच केलं. फादरना मी विचारलं तेव्हा त्यांनी मला खजूर दिला आणि यंदा धुळीची वादळं लवकर येणार, असं सांगितलं.

राहिली विशाखा. पहिल्यांदा मी सभ्यपणे विचारलं. ती म्हणाली, "पास्कलदादा, तेवढं सोडून काहीही विचारा." मग मी लिफ्टमध्ये विचारलं. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, ती दही घेत होती, तिथे विचारलं. म्हटलं, तू सांगू नकोस, मी विचारतो, तू नुसती मान हलव. तिने दही तसंच ठेवलं आणि निघून गेली. मग एके दिवशी मी तिच्या दारात उभा राहून बोलू नये ते बोललो.

"तू कुठे आमच्यातली आहेस? तुला कसलं बंधन? हा नियम कॅथलिकांचा आहे."

"आजींनी मला विश्वासाने बोलावलं," ती म्हणाली. "तो विश्वास कुठल्या धर्मातला होता, ते मला नाही माहीत."

निखिल बाहेर आला. "दादा, आता पुरे," एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ते दोघं आम्हाला टाळायला लागले. लिफ्ट उघडली आणि आत मी दिसलो की विशाखा जिन्याने जायची. ग्लोरियाने माझ्याशी बोलणं टाकलं. आणि मग हारिसने, आमच्या बिल्डिंगच्या राखणदाराने, सांगितलं की समोरचे फ्लॅट सोडतायत, अब्बासियाला जातायत. महबूल्याचा समुद्र सोडून अब्बासियाच्या गर्दीत कुणी हौसेने जात नाही. माझ्यामुळेच जात होते.

सामान उतरवायला माणसं आली होती. निखिल खाली टेम्पोपाशी होता. मी दारात गेलो. भांडायला नाही. माझ्यात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. विशाखा रिकाम्या खोलीत पडदे घडी करत होती. मी म्हणालो, "विशाखा, मी हात जोडतो. माझी आई माझ्याविषयी काहीतरी सांगून गेली आणि ते मला सोडून तीन जणांना माहीत आहे. तू, फादर आणि देव. मला वेड लागायची वेळ आलीय गं."

मग तिने पडदा खाली ठेवला.

"आत जे झालं ते मी मरेपर्यंत सांगणार नाही," ती म्हणाली. "पण फादर यायच्या आदल्या संध्याकाळी, मी एकटीच आजींना भेटायला आले होते तेव्हा, मी त्यांना विचारलं होतं की माझ्यासारख्या परकीला कशाला सांगता, पास्कलदादा आहेत ना. ते कन्फेशन नव्हतं. ते मी सांगू शकते."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, देवाचं मना भय नाय. देव माफ करंल. पास्कू नाय करायचा."

खालून निखिलने तिला हाक मारली. ती गेली नाही. मी केलं असतं माफ, असं म्हणायला मी तोंड उघडलं. विशाखा थांबून राहिली, मनापासून, मी ते म्हणावं म्हणून. मला ते म्हणता आलं नाही.