वास कुणाचा

भिमाजींची थोरली बहीण कौशल्याबाई जामखेडच्या अंगाला दिलेली. दर भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट मांडून उंबऱ्यात बसायची आणि भिमाजी रहाटणीहून न चुकता जायचे. पण त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं नि ते जाणं खुंटलं. घटकेघटकेला लघवीला लागायचं, खोकलं तरी थेंब सुटायचा, धोतराआत पॅड बांधावं लागायचं. एवढ्या लांबच्या वाटेवर गाडी थांबवायची तरी किती वेळा, आणि कुणाकुणाच्या देखत उतरायचं? अक्का फोनवर विचारायची, "यंदा तरी येतूस का रं?" भिमाजी गुपचूप फोन बायकोच्या, सुभद्राबाईंच्या, हातात द्यायचे.

म्हणून त्यांच्या लेकानं, रोहिदासनं, एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि चाकणच्या कारागिरांकडून तिचं चालतं घर करून आणलं. आत निजायला फळी, शेगडीचा ओटा, भांडी घासायचं सिंक, आणि मागच्या कोपऱ्यात आतून कडी लावता येईल असा संडास. त्याची टाकी खाली, गाडीच्या पोटात; सिंकचं पाणीही तिच्यातच. अण्णांनी मनात आलं की उठावं, जाऊन यावं, गाडी आपली चालत राहील.

गाडी दारात आली तशी सुभद्राबाईंनी तिची दृष्ट काढली. पुढं लिंबू-मिरची बांधली. नव्या घरावर टांगतात तसं चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं लेकाच्या हातानं टपावर चढवलं. आणि गाडीभोवती पाणी फिरवता फिरवता त्यांना ओवी सुचली:

घराला गं आली चाकं, घर निघालं गावाला,
नणंद ती वाट पाही, सांगा तिच्या गं भावाला.

भिमाजी मिशीत हसले. हसताना थेंब सुटला, तरी हसले.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सगळे निगडीपर्यंत चक्कर मारून आले. वाटेत भिमाजी संडासात जाऊन आले, पाणी सोडलं, ऐटीत जागेवर येऊन बसले. आणि वास आला. नाल्याच्या तोंडाशी येतो तसा, जड, कुजका. सून पूनमनं काच सरकवली. सुभद्राबाईंचा पदर नाकाशी गेला. भिमाजींनी मान वळवली ती घर येईस्तोवर वळवलेलीच राहिली.

घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, पॅड बदललं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीत एकटेच जाऊन बसले. वास नव्हता. थोड्या वेळानं संडासात जाऊन आले, तर वास हजर. मग आणखी काय ताडायचं राहिलं? माणूस कुजायला लागलं की आधी दुसऱ्यांना कळतं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"मी न्हाई येत," त्यांनी सांगून टाकलं. "अक्काला कळवा, गुडघा धरलाय."

"कवापासनं धरलाय?" सुभद्राबाईंनी विचारलं. "काल तर पायरीवरनं टुणकन उतरलात."

"आजपासनं."

रोहिदासनं उंदीर मेला असेल म्हणून फळ्या उचकटल्या, फिनेल ओतलं, डांबरगोळ्या टाकल्या. आता गाडीला संडासाबरोबर डांबरगोळ्यांचाही वास यायला लागला. चाकणचा कारागीर फोनवर म्हणाला, "नवं फायबर हाय भाऊ, जाईल हळूहळू."

पूनम चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासायला होती. हवा कुठून निसटते हे शोधणं तिचं रोजचंच काम. रविवारी सकाळी तिनं देवघरातली उदबत्ती उचलली आणि गाडीत शिरली.

"पूजा मांडतेस का गं?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"वासाची पूजा, आई. अहो, तुम्ही संडासात बादलीभर पाणी सोडा."

भिमाजी ओसरीवर चहाची कपबशी घेऊन बसले होते. चहा निवत होता. पोरगी हुशार, शोधूनच काढणार, आणि सगळ्यांसमोर नाव घेणार. मग तोंड कुठं लपवायचं?

रोहिदासनं पाणी सोडलं. पूनमनं सिंकच्या भोकावर उदबत्ती धरली होती. धूर फुंकल्यासारखा वर उसळला, आणि भोकातलं पाणी गुडगुडलं.

"बघा! या वाकड्या पाइपातलं पाणी वास अडवायला असतं. त्यालाच ढकलून हवा वर येतेय. टाकीत पाणी शिरलं की आतली हवा बाहेर जाणार, तिला टपावरून वाट ठेवलेली असते. वरचा पाइप कुठाय?"

"कसला पाइप?"

"टपावर उभा पाइप असेल बघा, तोंड उघडं."

रोहिदासनं टपाकडं पाहिलं. मग आईकडं बघत म्हणाला, "मडकं त्याच्यावरच उपडं घातलंय. मला वाटलं, मडक्यासाठीच ठेवलाय."

"मग हवा फटीतून जायला पाहिजे होती."

"फट कुठली? हायवेला उडून जाईल म्हणून सिलिकॉननं चिकटवलंय चांगलं."

पूनम मटकन फळीवर बसली. "दृष्ट आत यायची नाही, हवा बाहेर जायची नाही. वा रे इंजिनीयर!"

रोहिदास शिडीनं चढला. सुरीनं सिलिकॉन कापलं आणि मडकं उचललं, तसा तोंडावर भपका बसून शिडीवरच ओकाऱ्या काढत राहिला. खाली सुभद्राबाई ओरडत होत्या, "मडकं सांभाळ रं! मडकं!"

ओसरीवर भिमाजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

पूनमनं गाडीच्या दारातून डोकावलं. सासऱ्याचा चेहरा ती निगडीपासून बघत होती.

"अण्णा, आत जाऊन या बरं. पाणीही सोडा. तुमच्याशिवाय तपासणी पुरी व्हायची नाही."

"मीच कशाला? त्यो हाय की."

"गाडी कुणासाठी केली? तुम्हीच जायचं."

भिमाजी उठले. आत गेले, कडी लावली. बराच वेळ लागला; लागू द्यावा लागतो. पाणी सोडल्याचा आवाज आला. पूनमनं उदबत्ती सिंकच्या भोकावर धरली होती. धुराची रेघ सरळ वर गेली, जरासुद्धा हलली नाही. पाणी गुडगुडलं नाही.

कडी निघाली. भिमाजी बाहेर येऊन बाकावर बसले. काच लावलेलीच होती. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. उदबत्ती, डांबरगोळ्या, आणि ओसरीवरून येणारा, अक्कासाठी सुभद्राबाईंनी आदल्या दिवशी तळलेल्या करंज्यांचा वास. आणखी काही नाही. त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला.

सुभद्राबाई मडकं पदरानं पुसत दारात उभ्या होत्या. "आता हे कुठं टांगू?"

"टांग मागच्या शिडीला," भिमाजी म्हणाले. "आणि अक्काला फोन लाव. म्हणावं, गुडघा सुटला."

फोन लागला. सुभद्राबाई बोलणार, तेवढ्यात भिमाजींनी हात पुढं करून तो आपल्या कानाला लावला.