चार अंशांची थाप

मी एक जुना मोबाइल आहे. काचेला कोपऱ्यात तडा आहे, पण कान अजून शाबूत आहेत. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला खरा; शहाणपण मात्र आलं ते ॲप बनवणाऱ्या एका मुलीच्या टेबलावर. नवं ॲप आधी माझ्यावर चालवून बघायचं, अशी तिची रीत. जुन्यावर चाललं की कुठेही चालतं, असं ती म्हणे आणि मी फुशारून जाई.

तिची थोरली बहीण लसीकरण केंद्रात नर्स. लसींचा फ्रिज दोन ते आठ अंशांतच राहायला हवा, नाहीतर लस वाया जाते. ताईची धावपळ वाचावी म्हणून धाकटीने फ्रिजमध्ये सेलवर चालणारं तापमान मोजायचं यंत्र ठेवायचं ठरवलं. आता त्याचा निरोप माझ्यापर्यंत आणायचा कसा? ब्लूटूथला बटणाएवढा सेल वर्षभर पुरतो, पण त्याची धाव दहा-पंधरा पावलांची. वायफाय साऱ्या इमारतीत पोचतं, पण त्याला राउटर लागतो आणि राउटरला वीज. मला दोन्ही ऐकायची हौस. टेबलावर दोन्ही झकास चालली. धाकटीने वायफाय निवडलं आणि मला ताईच्या खिशात धाडलं.

लसीकरणाच्या दिवशी पहाटेच मागच्या खोलीची वीज गेली. फ्रिज बंद, राउटरही बंद. पुढच्या खोलीत पंखे फिरत होते, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. मी शेवटचं ऐकलं होतं ते चार अंश. ताईने बघितलं की मी आपला चार दाखवायचो. बाहेर आया लेकरं घेऊन बसल्या होत्या. पहिली कुपी काढताना ताईने सवयीने फ्रिजमधला काचेचा थर्मामीटर पाहिला. बारा अंश. तिने एकही लस टोचली नाही, सगळ्यांची माफी मागून त्यांना परत पाठवलं. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी धाकटी रडकुंडीला आली. ताई एवढंच म्हणाली, "चूक कुणाचीही होते गं. पण ह्याला माहीत नसेल, तर माहीत नाही म्हणायला शिकव."

धाकटीने टेबल सोडलं आणि दोन दिवस फ्रिजशेजारी स्टूल टाकून बसली. दार लावून, यंत्राच्या आणि माझ्या मध्ये उभी राहून, मुद्दाम वीज बंद करून तिने सगळं तपासलं. शेवटी ब्लूटूथ ठरलं. मी सिमकार्डासकट फ्रिजजवळच्या फळीवर. पारा सातवर चढला की ताईला फोन लावायचा; पाच मिनिटं निरोप आला नाही, तर 'माहीत नाही' असं दाखवायचं आणि तेव्हाही फोन लावायचा.

तुम्हीही मोठेपणी अशी यंत्रं जोडाल. तेव्हा ती जिथे राबणार, तिथे जाऊन एकदा बघा. आणि आम्हाला 'माहीत नाही' म्हणायची मोकळीक द्या, एवढंच मागणं आहे.

कारण पुढच्या महिन्यात लसीकरणाच्याच दिवशी वीज पुन्हा गेली. पारा सातवर चढताच मी ताईला फोन लावला. ती बर्फाची पेटी घेऊन धावत आली आणि सगळ्या लसी वाचल्या. त्या दिवशी एकूण एक लेकरू लस टोचून घेऊन, भोकाड पसरत घरी गेलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.