हिरवा दिवा, बंद दार

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. पाऊस नाही, ढग नाहीत, नुसता कोरडा वारा. तारा एकमेकींवर आपटत होत्या, समोरच्या गच्चीवरचे पत्रे कुरकुरत होते आणि आमच्या खिडकीची काच हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. दुपारी एक जोराचा झोत आला आणि वीज गेली. वीज गेली की मला काहीच कळत नाही. तुम्ही माणसं झोपेत निदान स्वप्नं तरी बघता.

मी राउटर बोलतोय. कॉम्प्युटरच्या वर ठोकलेल्या फळीवर बसणारी, दोन कानांची काळी डबी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. एका पट्ट्यावरून आम्ही भावंडं एकामागून एक सरकत होतो, एवढंच आठवतं. शाळा मी पाहिली नाही. कितीतरी शाळांचे धडे माझ्या अंगावरून गेले, पण मला अक्षरओळख झाली नाही. पोस्टमन पाकीट फोडत नाही, तसंच माझं. आलेलं पोचवायचं, पुढचं घ्यायचं. जे कळतं ते खोलीतलं बोलणं ऐकून.

मला या घरात आणलं ते मुलानं. उंच, किडकिडीत पोर. त्यानं फळी ठोकली, मला वर बसवलं, माझे दोन्ही कान सरळ केले आणि आईला म्हणाला, "याच्यावर टॉवेल वाळत घालू नकोस." आईनं त्या दिवसापासून माझ्यावर टॉवेल घातला नाही, पण धूळ बसू नये म्हणून रोज मला पदरानं पुसायची. तेवढं सुख कुठल्या डबीच्या नशिबी असतं?

मालक निवृत्त बसड्रायव्हर. बोलणं कमी, शिस्त फार. घरातली सगळी घड्याळं त्यांनी पुढं लावलेली. भिंतीवरचं, उशाजवळचं, स्वयंपाकघरातलंसुद्धा. म्हणायचे, ज्याचं घड्याळ बरोबर चालतं त्याची गाडी चुकते. शेजारीपाजारी यावर हसायचे, पण मालकांची गाडी उभ्या जन्मात कधी उशिरा सुटली नव्हती.

त्यांना मुलाला आपल्याच डेपोत चिकटवायचं होतं. मुलाला ते नको होतं. एके दिवशी शब्दानं शब्द वाढला आणि मालक म्हणाले, जायचं तर जा, पण मग या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. मुलगाही त्यांचाच. बॅग भरली, गेला. फोन नंबर बदलला. कुठल्या शहरात आहे एवढंच कळलं, पत्ता नाही.

पण जाण्याआधी त्यानं आईसाठी एक दार उघडं ठेवलं होतं. तो एक खेळ खेळायचा. खेळात समुद्राकाठचं गाव, लाकडी धक्का, धक्क्यावर कंदील. जगाच्या पाठीवरची माणसं तिथं टोपणनावानं भेटायची, बोलायची. त्यानं आईचं नाव तिथं घातलं आणि तिला आत जायला शिकवलं. तो तिथं ‘उंट’, आई ‘वाघीण’. आई रोज संध्याकाळी कानांना हेडफोन लावून बसायची. मासे पकडायचं फक्त निमित्त. धक्क्यावर उंट आला की विचारायची, जेवलास का? तिला हेडफोन टोचायचे, म्हणून बहुतेकदा ते काढून ती आवाज मोठाच ठेवायची. बाहेरच्या खोलीत मालक पेपर वाचत असायचे. त्या वेळात पेपराचं पान एकदाही उलटायचं नाही, हे मी फळीवरून रोज बघायचो.

वाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी उंटाचा आवाज जड होता. ताप उतरत नव्हता म्हणे. खोलीतला जोडीदार आपल्या गावी गेलेला. बोलताना मध्येच थांबायचा, धाप लागायची. आईनं पत्ता मागितला. तो म्हणाला, उद्या सांगतो, आज झोपतो. आईनं पुन्हा पुन्हा मागितला. तोवर तो धक्क्यावरून निघून गेला होता.

आता कळेल, त्या दिवशी वीज परत आली तेव्हा आई देवाचं नाव घेत खिडकीशी का उभी होती.

वीज आली. मला शुद्धीवर यायला वेळ लागतो. दिवे एकेक करून लागतात. मी अर्धवट जागा असताना मालक घरभर फिरून बंद पडलेली विजेवरची घड्याळं लावत होते. हा त्यांचा दंडकच होता. कॉम्प्युटरचा आतला सेल केव्हाच मेला होता, त्यामुळे वीज गेली की त्याचं घड्याळ भलतंच कुठंतरी जाऊन बसायचं. एरवी मी जागा झालो की बाहेरून बरोबर वेळ आणून द्यायचो आणि ते आपोआप सरळ व्हायचं. त्या दिवशी मी पुरता जागा व्हायच्या आत मालकांनी ते हातानं लावलं. घरातल्या बाकी घड्याळांसारखंच, पुढं. वर ‘आपोआप’ असं पुटपुटत तिथली खूणही काढून टाकली. आपोआप चालणाऱ्या गोष्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. मी पाहिलं सगळं. पण अडाण्याला काय उमजणार?

संध्याकाळी आई बसली. नाव घातलं, परवलीचा शब्द घातला. मग तिसरी कडी. चोरांनी खातं पळवू नये म्हणून मुलानं कॉम्प्युटरवर आकडा देणारी एक सोय केली होती. आकडा सारखा बदलायचा. जो दिसेल तो घालायचा. आईनं घातला. दार उघडलं नाही. पुन्हा घातला. आकडा चुकीचा, तिनं पडद्यावरची पाटी वाचली.

आईनं वर माझ्याकडं पाहिलं. माझा दिवा हिरवागार. बाबांनो, त्या नजरेची मला अजून धडकी भरते. मी तिचं म्हणणं घेऊन त्या लांबच्या दारापर्यंत जात होतो, दार नाही म्हणत होतं, आणि तो नकार मीच परत आणत होतो.

मालक आत आले. काय झालं म्हणून विचारलं नाही. मला बंद केलं, चालू केलं. फरक नाही. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. फरक नाही. वायरी काढून फुंकर मारली. मग मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी म्हणाली, राउटर रीसेट करा.

माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे. तिथं पिन टोचली की मी कामाचं सगळं विसरतो. कुठली वाट कुणाची, कुणाला आत घ्यायचं, सगळं पुसतं. आईनं पदराची पिन काढून दिली. मला वाटलं, बस, आपलं आयुष्य इथवरच. टोचणी लागली आणि मी कोरा झालो.

फोनवरच्या मुलीनं सांगितलं तसं मालकांनी एकेक अक्षर माझ्यात पुन्हा भरलं. मी जागा झालो, दिवा हिरवा झाला. आईनं आकडा घातला. नाही. उलट नवी पाटी आली, तिनं ती वाचली: आता एकदाच चुकता येईल, मग खातं कुलूपबंद.

आई खुर्चीत मागं टेकली. हात मांडीवर. बाहेर वारा पत्रे उचकटत होता.

तेवढ्यात दारात शेजारचा रंगारी उभा. भिंतीपलीकडं राहायचा, मालकांच्या परवानगीनं माझ्यावरच त्याचं नेट चालायचं. केसांना कायम चुना, तोंडात कायम चेष्टा.

"काका, माझं नेट कापलंत होय? भांडण झालंय का आपलं? मला सांगायचं तरी, मीही चार शिव्या दिल्या असत्या."

कुणी हसलं नाही. तेव्हा तो गप्प झाला आणि आत आला. आईनं चार वाक्यांत सांगितलं. त्यानं मोबाईल माझ्याशी जोडून पाहिला, बातम्या धडाधड आल्या. म्हणाला, डबीला दोष देऊ नका, डबी ठणठणीत आहे. मग मोबाईल खिशात ठेवता ठेवता त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"काका, हा कॉम्प्युटरपण तुमच्या डेपोत कामाला लागला का? माझ्या मोबाईलच्या किती पुढं पळतोय."

मालक पडद्याकडं पाहत राहिले. आईचा हात तोंडावर गेला. मुलानं शिकवताना सांगितलेलं तिला आठवलं. आकडा घड्याळाबरोबर बदलतो, पलीकडचं दार आपलं घड्याळ बघून ताडून पाहतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही लावलंत ना ते?"

मालक खाली बसले, चष्मा सरळ केला आणि रंगाऱ्याच्या मोबाईलशी जुळवत आयुष्यात पहिल्यांदा एक घड्याळ मागं घेतलं.

एकच संधी होती. आईनं आकडा घातला. तो घेऊन निघालो तेव्हा मला वाटलं, वाटेत वीज गेली तर? तार तुटली तर?

दार उघडलं.

धक्क्यावर कंदील होता. कंदिलाखाली उंट उभा होता, पण हलत नव्हता. आईनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी माझे दोन्ही कान टवकारले. पलीकडून काहीतरी येत होतं, अगदी बारीक. श्वास होता तो. अडकत, घरघरत.

मालकांनी आईपुढचा माईक आपल्याकडं ओढला.

"पत्ता सांग."

श्वास एकदा अडकला. मग, "बाबा?"

"हो. शर्ट घालतोय. तू पत्ता सांग."

तुटक तुटक पत्ता आला. रंगाऱ्यानं तो मोबाईलवर टिपून त्या शहरातल्या दवाखान्याला फोन लावला. गाडी पाठवतो म्हणाले, पण झाडं पडलीत, उशीर होईल. आई मुलाला सांगत होती, कडी काढून ठेव बाळा, मग आडवा हो, बोलत राहा. ती उठलीच नाही तिथून. मी तापलो होतो, अंगाला चटका बसेल इतका. वाऱ्याला म्हणत होतो, बाबा रे, आजच्या दिवस त्या तारा सोड.

आता मी माळ्यावर, खोक्यात आहे. फळीवर चार कानांचा नवा बसलाय. तो मुलानंच आणला, स्वतःच्या हातानं बसवला आणि माझी वायर गुंडाळताना माझ्या पाठीवरच्या भोकावर बोट ठेवून क्षणभर थांबला. कॉम्प्युटरचं घड्याळ आता कुणी पुढं करत नाही. भिंतीवरचं मात्र अजून पुढंच आहे, मालक त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. माझं मागणं एवढंच, मला भंगारात देऊ नका. नव्याला काही झालं तर मी आहे.

वारा सुटला की मात्र खोक्यातही मला धडकी भरते. मग मी तो दाराजवळचा क्षण आठवतो. मालक पिशवी घेऊन निघाले होते. उंबऱ्यात वळले, त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं, आणि ते मटकन खाली बसले. शेवटची गाडी सुटायची वेळ टळून गेली होती. "गेली," एवढंच म्हणाले. आईनं बोलणं थांबवून वळून पाहिलं. मी तर हिरवा दिवासुद्धा विसरलो.

रंगाऱ्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि म्हणाला, "काका, घड्याळ तुमचंच आहे ना? मग गाडी अजून उभी आहे. चला."