बाहेरून ताटली, आतून बांगडी

"एकाबी अक्षराला कोपरा नको, जलीलभाई. टम्म पाहिजेत, पुरीवानी!"

भीमाशंकरनं कॅसेटचं झाकण पुढं धरलं. त्यावर परदेशी अक्षरं होती. जाडजूड, गोल गरगरीत, जणू आत्ताच एखाद्या यानातून उतरलेली. लातूर जिल्हा झाला तसा तो शिरूर अनंतपाळहून इथं लातुरात आला होता. 'गगन टीव्ही' असं दुकान टाकत होता. पाटी मराठीच, पण त्याला ती अशाच अक्षरांत हवी होती.

"आन् वरची रेघ?"

"रेघ नकोच. नवा जमाना हाय."

"म्हंजी अक्षरं उघड्या डोक्यानं बाजारात फिरनार," जलील हसला. "करतो की."

हसताना उजवा हात त्यानं काखेत दाबून धरला होता. गेल्या हिवाळ्यापासून तो हात थरथरत होता, आणि हे फक्त त्याच्या बायकोला, शहजादीला माहीत होतं. बाजारात कळलं असतं तर 'जलील पेंटर' हे नाव त्याच दिवशी पुसलं गेलं असतं.

शहजादीचा बांगड्यांचा धंदाही बसला होता. पाऊस नाही, शेतं काळी ठिक्कर, बाया दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला गेलेल्या. तिथं काच कशी टिकणार? भरलेली टोपली तशीच खुंटीला लटकत होती.

भीमाशंकर गेल्यावर जलीलनं पत्र्यावर खडूनं एक गोल काढून पाहिला. आटलेल्या तळ्याच्या काठासारखा तो वेडावाकडा झाला. शहजादीनं तो पदरानं पुसला.

"सरका जरा."

तिनं घरातली ताटली पालथी घातली, भोवतीनं खडू फिरवला. मग टोपलीतून एक बांगडी काढून बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्या आतून खडू फिरवला.

"ह्यात नुसता रंगच भरायचा ना?"

जलील बघतच राहिला. बाहेरून ताटली, आतून बांगडी. मधे अक्षराचं मांस.

"सव्वादोन मापाची नको," तो हळूच म्हणाला. "अडीचची ठेव. पोट जरा हलकं होऊ दे."

उभ्या दांड्यांना फळी, त्यांच्या टोकांना वाटी. तो स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची.

"लगीन झाल्यापासून माझं ऐकलं न्हाईस. आज बरी ऐकायलीस?"

"आज पहिल्यांदा ऐकन्यासारखं बोलायलात तुमी."

निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं फुगली. नेमका तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आला. ब्रश ठेवून, घागर घेऊन ती धावली.

जलील पाटीपुढं एकटाच उरला. आजवर लिहिलेली प्रत्येक पाटी त्यानं डोक्यावरच्या रेघेनंच संपवली होती. ब्रश कधी हातात आला, त्यालाही कळलं नाही. अक्षरांच्या माथ्यावरून पिवळी रेघ निघाली, लटपटत, अडखळत. अर्ध्यावर तो भानावर आला.

दारात शहजादी घागर कडेवर घेऊन उभी होती. तिच्यामागं भीमाशंकर.

"हे काय केलं, जलीलभाई? उद्या उद्घाटन हाय!"

शहजादीनं घागर ठेवली, चिंधी रॉकेलात बुडवली आणि ती रेघ पुसू लागली. रेघेबरोबर खालचा ओला रंगही निघाला. तिनं पुन्हा ताटली लावली, कड धरली, रंग भरला. भीमाशंकर तिचा हात बघत राहिला.

"म्हंजी... हे भाभींनी केलं?"

जलीलनं उजवा हात भीमाशंकरसमोर धरला. तो थरथरत होता.

"तिनंच. माझ्याच्यानं आता हुत न्हाई."

भीमाशंकरनं नजर वळवली. "असू द्या. मी कुनाला सांगत न्हाई. खाली नाव तुमचंच टाका, बाजारात तेच चालतंय."

"न्हाई. शहजादी पेंटर असं टाकनार," जलील म्हणाला.

"अजी, माझं कशाला?" ती पुटपुटली.

"बाईमानसाचं नाव?" भीमाशंकर घुटमळला.

"का? तुमच्या टीव्हीत बाया बातम्या सांगत्यात की!" जलील म्हणाला.

भीमाशंकरला हसू आलं. तो मान हलवून गेला.

शहजादी स्टुलावर बसली. जलीलनं खडूनं पत्र्याच्या कडेला तिचं नाव तिला गिरवायला वाकडंतिकडं लिहून दिलं आणि तो उंबऱ्यापाशी जाऊन बसला. वाटीत रॉकेल ओतून तिचे ब्रश त्यानं एकेक करून बुडवले. हात थरथरत होता. त्यामुळं ब्रशच्या केसांतला रंग लवकर सुटत होता.