कोपरापर्यंत हात

जनावर धरायला ताकद लागते असं ज्याला वाटतं, त्याला मी गोठ्यात पाऊल ठेवू देत नाही. चारशे किलोच्या गाईपुढे साठ किलोच्या माणसाची ताकद ती काय! जनावर दोरीने धरायचं, अकलेने धरायचं आणि अंतर राखून धरायचं. एवढी साधी गोष्ट मी अकरा वर्षं सांगते आहे आणि अकरा वर्षं बाप्येमंडळी मिशीतल्या मिशीत हसत आहेत.

आमच्या ढोरांच्या दवाखान्यापुढे लोखंडी खोडा आहे. गाय आत घ्यायची, मागून आडवा दांडा सरकवायचा, की ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. पण खोड्यात गाय घालणं म्हणजे मालकाचा अपमान. "मॅडम, आमची गाय लई गरीब हाय, खोडा कशाला?" असं म्हणत तो तिचं शिंग धरून फोटोला उभं राहिल्यासारखा उभा राहतो, आणि त्याच गरीब गाईची लाथ माझ्या परिचराच्या गुडघ्यात बसते. खोड्याचा खरा उपयोग गावाने केव्हाच शोधून काढलाय. निवडणुकीत त्याला बॅनर बांधतात आणि एरवी त्यावर गोधड्या वाळतात.

गावाचं नाव सांगत नाही. जालना जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर साहेबराव माझ्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावायला कमी करणार नाही, आणि अब्रू हीच त्याची मुख्य इस्टेट आहे. बाकी आठ एकर मोसंबी आहे, पण तिच्याबद्दल तो इतका बोलत नाही.

त्याचा फोन आला सोमवारी सकाळी.

"मॅडम, गाय दोन दिसापासून खाऊन न्हाई राह्यली. लाळ गळू राह्यली, घोगरं वरडू राह्यली. घशात काहीतरी अडकलंय. म्या काल हात घालून पाह्यला, पार कोपरापर्यंत! काहीच लागलं न्हाई. तुमी जल्दी या."

"तिच्याजवळ कोणी जाऊ नका. तोंडाला तर हात लावूच नका," मी म्हणाले.

तो हसला. "मॅडम, तुमी जालन्याच्या. आमी ढोरातच वाढलो."

खरं आहे. मी जुन्या जालन्यातली, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत वाढलेली. आमच्या घरी मांजरसुद्धा नव्हतं. हे गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि माझ्या पदवीपेक्षा तेच त्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

मी आणि इनायतभाई पोहोचलो तेव्हा अंगणात चौदा माणसं उभी होती. इनायतभाई आमचे परिचर, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले. जनावर बांधण्यातलं जे मला येतं ते निम्मं त्यांनी शिकवलंय. गाय लिंबाला एका जुनाट दाव्याने बांधली होती आणि ती चौदा माणसं तिच्याभोवती कुस्तीचा फड बघायला आल्यागत कोंडाळं करून होती. गाईचे डोळे ताठ झाले होते. मागचे पाय लटपटत होते. मध्येच ती लिंबाच्या खोडाला धडक द्यायची आणि घसा फाटल्यासारखी ओरडायची.

"हिला कुत्रं चावलं होतं का?" मी विचारलं.

"चावलं असं न्हाई," साहेबराव म्हणाला. "दीड महिना झाला आसंल. नाकाला जरासं ओरबाडल्तं. हळद लावली, बरं झालं."

बरं झालं! हळदीवर या माणसांचा जेवढा विश्वास आहे तेवढा लसीवर असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

मी सगळ्यांना भिंतीपलीकडे हाकललं. इनायतभाईंनी भिंतीआडूनच गाईच्या शिंगांवर फास टाकला, दोरीचा एक वेढा लिंबाला दिला, दुसरा फास टाकून त्याचं टोक समोरच्या बाभळीला नेलं. पाच मिनिटांत गाय दोन झाडांच्या मधोमध जखडून उभी राहिली. तिला कुणाचा हात लागला नाही आणि कुणाला तिची लाळ लागली नाही. इतकं नेटकं काम पुन्हा बघायला मिळणार नाही, पण मागून कुणीतरी म्हणालंच, "बाईमाणूस डॉक्टर म्हनल्यावर आसंच लांबून लांबून."

"गाय पिसाळली आहे," मी म्हणाले.

अंगण बघता बघता निम्मं रिकामं झालं. ढोरात वाढलेली माणसं ढोराला पाठ दाखवून निघाली. उरलेल्यांना मी विचारलं, "हिच्या तोंडात कोणी कोणी हात घातला?"

सगळ्यांनी साहेबरावाकडे पाहिलं. त्याने सकाळपासून तेरा जणांना तीच गोष्ट सांगितली होती, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती. "म्या. एकट्यानंच."

"कुठे खरचटलंय का?"

त्याने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. नखाखाली काळंनिळं झालं होतं आणि कातडी फाटली होती. "हे काय. दात लागला."

मी तालुक्याच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली आणि तो भाच्याच्या जीपमधून गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्यामागोमाग गावातली आणखी पंचवीस माणसं तिथे लस टोचून घ्यायला पोहोचली. कुणी त्या गाईचं दूध चहातून प्यायलं होतं, कुणी लांबून वैरण फेकली होती, एकाने तर फक्त मोबाइलवर फोटो काढला होता. साहेबरावाच्या स्टेटसवर दंडाला कापूस लावलेला त्याचा फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, 'मुक्या जनावरासाठी जीव धोक्यात.' वर हात जोडलेले आणि ढसाढसा रडणारे इमोजी, मोजू नयेत इतके.

गाय गुरुवारी मेली. आम्ही हातमोजे, चष्मे घालून गेलो, तपासणीसाठी नमुना घेतला, खोल खड्ड्यात चुना टाकून तिला पुरलं. हातपाय धुऊन परत आलो तेव्हा साहेबराव ओट्यावर बसून दहाव्यांदा तीच कथा रंगवत होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"खालच्या दातानं असं धरलं, न वरच्या दातानं असं. करकचून! म्या म्हनलं, माय, सोड. तवा सोडलं."

मी थांबले. "वरच्या कुठल्या दातांनी?"

"पुढच्या. बराबर हितं." त्याने बोटाच्या वरच्या बाजूला खूण दाखवली.

गाईला वरचे पुढचे दात नसतात. तिथे नुसती टणक हिरडी असते. ज्याने आयुष्यात एकदा जरी गाईच्या तोंडात हात घातलाय त्याला हे सांगावं लागत नाही. गाईच्या तोंडात हाताला कापतात त्या मागच्या दाढा, आणि त्या बोटाला नाही, मनगटाच्या वर लागतात. ढोरातच वाढलेल्या या महापुरुषाला स्वतःच्या गाईचं तोंड माहीत नव्हतं. इनायतभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल तोंडाला लावला.

मलाही हसू आलं. पण लगेच त्याचं सोमवारचं बोलणं आठवलं. फोनवर तो म्हणाला होता, हात कोपरापर्यंत घातला आणि काही लागलं नाही. म्हणजे हात तर गेला होता. मग कोणाचा?

सोमवारी मी विचारलं होतं ते अंगणातल्या पुरुषांना. बाया दारात उभ्या होत्या. गाईचं दूध काढणारी, शेण काढणारी, तिला पाणी दाखवणारी बाई तिथे दारात उभी होती आणि मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. जो मोठ्याने बोलला त्याचं नाव लिहून घेतलं. साऱ्या गावाच्या अकलेची उठाठेव करणारी मी, माझी अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती देव जाणे. मला माझीच चीड आली.

पाणी मागायच्या निमित्ताने मी आत गेले. साहेबरावाची बायको दैवशाला चुलीपाशी होती. पस्तिशीची, काटक. तिने तांब्या डाव्या हाताने दिला. उजवा पदराखाली होता.

"तो हात दाखवा, दैवशालाताई."

"इळा लागला, मॅडम."

"दाखवा."

तिने पदर सरकवला. मनगटापासून कोपराकडे जाणाऱ्या चार लांब रेघा, त्यांवर हळदीचा थर.

"विळा एक रेघ ओढतो. चार ओढत नाही."

तिने पदर पुन्हा हातावर ओढला. मग हळूच म्हणाली, "आइतवारी गोठ्यात व्हती ती. हे म्हनले, तुज्या हातचं खाती ती, तूच घाल. म्या जीभ धरून घातला. मंग दुसऱ्या दिशी मान्सं आली, तवा ह्यायनी आपलं नाव सांगून टाकलं. आता म्या काय म्हनू?"

"गाय पिसाळली होती हे ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. ह्यायला इच्यारलं बी. म्हनले, गाय तुज्यावर जीव लावून व्हती, तुला काई करायची न्हाई."

मला वाटलं, बाहेर जाऊन त्या माणसाला खोड्यात घालावं आणि दांडा सरकवावा.

"ऐका," मी म्हणाले, "हा आजार अंगात उतरला की जगात औषध नाही. एकही माणूस वाचत नाही. उतरायच्या आत लस घेतली तर वाचतो. आज चौथा दिवस आहे."

तरी म्हणाली काय, तर "चार मान्सात हसू व्हईल त्यायचं."

"हसू दोन दिवस होईल. तुमचा तेरावा मात्र एकदाच होईल."

मी तिला मोरीवर बसवलं आणि साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावला. साहेबरावाला आत बोलावलं. तो आधी नाही म्हणाला, मग तिच्याकडे डोळे वटारले, मग माझ्यापुढे आवाज खाली केला. "उद्या नेतो ना, मॅडम. आज मान्सं बसलीत बाहेर."

"आत्ता. माझ्या गाडीत."

तोही गाडीत बसला. त्याची दुसरी सुई त्याच दिवशी होती, आणि बायको कुठे काय बोलेल याचा भरवसाही नव्हता.

तालुक्याच्या दवाखान्यात दुसऱ्या सुईसाठी आमचं निम्मं गाव रांगेत होतं. सिस्टरने दैवशालाला लस टोचली आणि जखमा बघून कपाळाला हात लावला. पिसाळलेल्या जनावराने जखम केली असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागतं, थेट जखमेत भरायचं. ते महाग असतं आणि मोजकंच येतं.

"ते आत्ता शिल्लक नाही हो," सिस्टर म्हणाली. "सोमवारी एका माणसापुरतं होतं. ते ह्यांच्याच बोटाला भरलं." तिने साहेबरावाकडे बोट केलं.

दैवशालाने नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. मग ती बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"ते बोट दारात सापडल्तं. गोठ्याच्या दारात. म्या आत गाईच्या तोंडात हात घातला, तिनं हिसका दिला, तवा ह्यायनी भायेरून दार वढून घेतलं. मला आत ठिवून. म्या आतून म्हनत व्हते, दार उघडा, दार उघडा."

रांगेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबराव पुटपुटला, "स्टँडवर जरा काम हाय," आणि दुसरी सुई न घेताच निघून गेला.

मी आणि दैवशाला तशाच जालन्याला गेलो. मोठ्या दवाखान्यात ते इंजेक्शन होतं. तिथल्या डॉक्टरांनी दिवस मोजले, जखमा पाहिल्या आणि म्हणाले, "वेळेत आणलंत. लसीचे पुढचे डोस चुकवू नका."

सिस्टर सुई भरत होती तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेबराव होता. "तिला द्या," म्हणाला. मी फोन तिच्याजवळ धरला. मला वाटलं, सुई मिळाली का हे तरी विचारेल.

"काय गं," त्याचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू येत होता, "गावात समदी मान्सं इच्यारू राह्यलीत. तू त्यायला सांग, दाराचं म्या रागात बोलून गेले म्हून. येवढं एक कर."

दैवशालाने फोन स्वतःच्या हातात घेतला.

"म्या रागात बोलले न्हाई," ती म्हणाली. "दार तुमीच वढलं."

मग तिने फोन मला परत दिला, आणि चार रेघांचा तो हात सिस्टरपुढे धरला.