रूपरावचा पहारा

देवका चपला न काढताच मारुतीच्या देवळात घुसली. पोरगी खांद्यावर आडवी पडलेली. नत्थूजी गळ्यात वीणा अडकवून, डोळे मिटून उभा होता. तिनं सदऱ्याची बाही धरून हिसका दिला तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले.

"अजी, पोट्टी डोये पांढरे करून राह्यली. चाला लवकर."

गुलाब सहा वर्षांची. पहाटेपासून तिला हगवण अन् उलट्या चालू होत्या. चैताचं ऊन, विहिरीनं तळ गाठलेला, अन् त्या आठवड्यात गावात चार जणं याच दुखण्यानं पडली होती. एक म्हातारं गेलंही. पोरीच्या ओठावर माशी बसली होती अन् ती हाकलायचं बळ तिच्या हातात राहिलं नव्हतं.

नत्थूजीनंही माशी पाहिली. पण त्याचे दोन्ही हात वीणेवर होते.

हनुमान जयंतीचा सप्ताह म्हणजे सात दिवस, सात रात्री वीणा उभीच. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाईल, पण भुईला टेकणार नाही. टेकली की सप्ताह भंगला, अन् मग गावाची खैर नाही, असं जुनी माणसं सांगत. पहारे तीन-तीन तासांचे, नावं फळ्यावर खडूनं लिहिलेली. नऊ ते बारा नत्थूजी. बारा ते तीन रूपराव.

"बारा वाजतच हायेत," नत्थूजी म्हणाला. "रूपराव आला का निंगतो."

"अन् नाई आला तं?"

"येते ना. देवाचं काम हाय."

"रूपराव अन् देवाचं काम!" खांबाला टेकून टाळ वाजवणारा तानबा म्हातारा बोलला. "त्याच्या गळ्यात माळ अन् कानावर बिडी. बसला असन कुठं पत्ते कुटत. आन गा नत्थू, मायाजवळ दे इना. मी बी माळकरीच हावो."

तानबाचे हात असे कापत की चहाची बशी तोंडाशी जाईस्तोवर अर्धा चहा धोतरावर. नत्थूजीनं वीणा छातीशी आवळली.

"पडली तं?"

"पडली तं पडली!" देवका ओरडली. अन् देवळात आपण काय बोललो याचं तिचं तिलाच भेव वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या पाया पडतो जी. चाला."

"देवका, ऐक. पहिले दोन लेकरं गेले, तवा मी देवाचं काईच केलं नोतं. इच्यासाठी नवस बोललो हावो. माया हातानं इना हालली नाई, तं इले काई होत नाई. भेऊ नको तू."

"देवानं सांगतलं का तुमाले असं?"

त्यानं डोळे मिटून घेतले. ती गेली, तिच्या चपलांचा आवाज पार वेशीकडं विरेस्तोवर त्याला ऐकू येत राहिला.

बारा वाजले. साडेबारा झाले, एक झाला. रूपरावचा पत्ता नाही. नत्थूजी मनातल्या मनात त्याला आईबहिणीवरून शिव्या देई, मग देवाची माफी मागे, मग पुन्हा नाम घेई. पोटऱ्यांत गोळे आले, बोटं बधिर झाली. पण अंग जसजसं दुखत गेलं, तसतसं त्याला बरंच वाटू लागलं. देव काही सस्त्यात पावत नसतो. इथं आपलं जेवढं दुखतंय तेवढं तिथं पोरीचं कमी होतंय, असं त्यानं मनाशी धरलं.

तीनला पुढच्या पहाऱ्याचा लक्ष्मणराव आला, तो धापा टाकतच.

"नत्थूजी, रूपराव इकडंच येऊन राह्यला होता गा. रस्त्यात तुयी बाई भेटली. आल्या पावली फिरला, बैलं जुंपले, अन् बंडी पयवली अल्लीपूरले. तिथून मोटरनं हिंगणघाटच्या दवाखान्यात. दे इना, अन् जाय तू. साडेचारची एस.टी. भेटते तुले."

नत्थूजीनं वीणा दिली अन् पायरीवर येऊन बसला. साडेचारला एस.टी.चा भोंगा वाजला, तेव्हाही तो बसलेलाच होता. एवढं धरलं ते आता अर्ध्यातून सोडलं, अन् तिकडं काही झालं, तर? सप्ताह उठल्याबिगर वेस ओलांडायची नाही, असं त्यानं तिथंच ठरवलं. पुढं रोज आपला पहारा अन् वरून रूपरावचाही पहारा तो उभा राहिला. बाया त्याच्या पायावर पाणी घालू लागल्या.

काल्याच्या दिवशी सकाळी सांगावा आला, पोरगी वाचली.

"मारुतीनं राखली."

"नत्थूजीच्या इनेनं राखली म्हणा."

नत्थूजी चारचौघांत ढसढसा रडला. कीर्तन झाल्यावर सप्ताहाचे प्रमुख ताराचंद पाटील यांनी त्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. तेवढ्यात रूपराव आला, तो थेट हिंगणघाटहूनच. दाढी वाढलेली, सदऱ्याला ओकारीचा आंबूस वास. बाजूची माणसं जरा सरकून बसली.

"रूपराव," पाटील म्हणाले, "तू पहारा चुकवला, सांगतलं बी नाई. नेमानं तुले पुन्हा इना भेटत नाई. पण पोट्टी नत्थूजीची होती. नत्थूजी म्हणन तसं करू."

"मी म्हटलं होतं त्या दिवशी, मायाजवळ दे..." तानबा बोलू लागला.

"तानबाजी, तुमाले कोणी इचारलं?"

सगळे नत्थूजीकडं पाहत राहिले. रूपरावनं बरं केलं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं, की मग तू काय केलं गा, असं कोणीतरी विचारलं असतं. कोणी नाही तर त्यानं स्वतःच. तो नारळाची शेंडी पिरगाळत राहिला.

"नेम तो नेम," तो म्हणाला.

पाटलांनी एका पोराला फळ्यावरचं रूपरावचं नाव पुसायला सांगितलं. रूपराव "बरं" म्हणाला. पुढ्यातला काला त्यानं सावकाश खाल्ला, हात धोतराला पुसला अन् नत्थूजीजवळ येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती झोप होती.

"उद्या सुट्टी देऊन राह्यले गुलाबले. तू जातं, का मी नेऊ बंडी?"

"मीच जातो. कोन्या खाटेवर हाय ते सांग."

"खाट कुठची गा? सारा वार्ड भरून हाय. दरवाज्याच्या मांगं पाहजो. खालीच हाय, वयनीच्या लुगड्यावर."

"खाली?"

"हो, खाली." रूपराव पायरीवरच्या गर्दीत आपल्या चपला शोधू लागला. "चौथा दिवस हाय आज."